ट्रेखालचा पियानो

मामा जिना चढून आला तोच धापा टाकत. वेटरचा काळा कोट अंगात, बो टाय एका कानाखाली सरकलेला, आणि दारातूनच ओरडला, "ताई, चुळबुळी कुठाय? मास्तर पियानो सोडताहेत!"

चुळबुळी आतल्या खोलीत धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. हातातली चादर टाकली आणि तिच्यावरच पाय देऊन बाहेर आली. "कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं काय विचारतेस, त्यांनी स्वतः सांगितलं. बोटं धरतात म्हणे. सकाळी उठलं की मूठ उघडत नाही. मॅनेजरला सांगून टाकलं, दुसरा माणूस बघा. शुक्रवारी दुपारी बँडवाले ऐकायला बसणार आहेत, ज्याला यायचं त्याने या. मी तुझं नाव देऊन आलो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर शुक्रवार उजाडेपर्यंत नखं खात बसली असतीस!"

आई इस्त्री खाली न ठेवता म्हणाली, "आधी ती चादर उचला कुणीतरी." आईचं हे असं. जग बुडालं तरी चालेल, घडी मोडता कामा नये. पण इस्त्री तिच्याही हातात तशीच अधांतरी राहिली होती, कारण मास्तरांची खुर्ची रिकामी होणं म्हणजे काय, हे त्या घरात शेगडीवरच्या किटलीलासुद्धा ठाऊक होतं.

चुळबुळी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, तिथेच राहू दे. लहानपणापासून हिची बोटं म्हणून स्वस्थ नाहीत. जेवताना ताटाच्या काठावर, बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवर, ताप आला की स्वतःच्याच पोटावर. आईने एकदा वैतागून दोन्ही हातांत मोजे चढवले, तर ही पायाच्या बोटांनी सुरू झाली. अशा पोरीला तुम्ही तरी दुसरं काय म्हणाल? वडील लवकर गेले. घरात माणसं तीन. आईची खाली लॉन्ड्री, वर राहायला दोन खोल्या. मामा गावातल्या मोठ्या हॉटेलात वेटर, आणि त्याच हॉटेलचे टेबलक्लॉथ आईकडे धुवायला. हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर मोठा हॉल, आणि तिथे रविवारी दुपारच्या जेवणाला जॅझचा बँड. त्या बँडचे पियानोवाले ते मास्तर. सगळं गाव मास्तर म्हणायचं, पण त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. एकदा एकजण शिकायला गेला, तर त्याला म्हणाले, "मलाच अजून येत नाही, तू उद्या ये."

आता चुळबुळी मास्तरांची शिष्या झाली ती कशी, ते ऐका. मास्तरांना पत्तासुद्धा नव्हता.

ती शाळेत होती तेव्हाची गोष्ट. वेटरच्या घरच्यांनी हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही असा हॉटेलचा नियम. पोरीने मामाचं डोकं खाल्लं, मला पियानो ऐकायचाय, मला पियानो ऐकायचाय. शेवटी मामाने कुणाचा तरी टेपरेकॉर्डर उसना आणला, कोटाच्या आत पोटाशी बांधला, आणि हॉलच्या दारापाशी ट्रे घेऊन उभा राहिला. एका हातात सुपाचे वाडगे भरलेला ट्रे, दुसऱ्या हाताने कोटाखालचं बटण. आता दोन दगडांवर पाय ठेवलेला माणूस काय करणार? पडणारच. मास्तरांचा पियानो ऐन रंगात आला आणि ट्रे गेला. धडाम! खळ्ळ! आणि मग एक वाडगा फरशीवर गोल गोल फिरत बसला, थांबेचना. मॅनेजरने मामाला मागाहून, टेप संपल्यावर, काय काय सुनावलं ते कॅसेटवर नाही, तेवढी मामाची अब्रू राहिली. त्याने बटण दाबून टेप बंद करायला हवी होती, पण घाबरला होता, त्यामुळे ती चालूच राहिली आणि गाणं शेवटपर्यंत आलं.

घरात तेवढीच एक कॅसेट. चुळबुळीने ती ऐकून ऐकून मऊ केली. कोपऱ्यावर नाचाचा क्लास होता, तिथे एक जुना उभा पियानो होता. क्लासच्या बाईंच्या पडद्यांना आई इस्त्री करून द्यायची आणि त्या बदल्यात बाई पोरीला दुपारी पियानोवर बसू द्यायच्या. सूर वाचायला बाईंनीच शिकवलं. बाकीचं कॅसेटने. ही एकेक तुकडा ऐकायची, धावत कोपऱ्यापर्यंत जायची, सुरांचं नाव घेत घेत, वाटेत कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही कारण तोंड उघडलं की सूर सांडतील, आणि जाऊन वाजवायची. विसरली की परत घरी.

एक दिवस तिने मामाला सगळं वाजवून दाखवलं. मामा तोंडात बोट घालून ऐकत होता. ऐन रंगात आल्यावर पोरीने दोन्ही कोपर आपटले पट्ट्यांवर. धडाम! मग वरच्या पट्टीवर एका बोटाने किणकिणकिणकिण, थांबेचना.

"हे काय?" मामा दचकून उठला.

"मास्तरांचं आहे. कॅसेटमध्ये आहे ना, इथे मोठ्ठं वाजवतात आणि मग ते गोल गोल."

मामा जमिनीवर बसून हसला. डोळ्यांतून पाणी. "अगं बये, तो ट्रे आहे! माझ्या हातातला! सुपाचा!"

पोर भयंकर रुसली, कारण तिला सगळ्यात आवडणारी जागा तीच होती. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एक किडा शिरला. ट्रे पडला तेव्हा मास्तर काहीतरी वाजवतच असणार. काय? कान टेपरेकॉर्डरला चिकटवून बसली, उशीत डोकं घालून ऐकलं, काही नाही, नुसता खणखणाट. मग ती त्या भोकात आपल्या मनाचं काहीतरी भरायला लागली. आज एक, उद्या दुसरं. कुठलंच तिला बरोबर वाटायचं नाही. बरोबर ते मास्तरांना माहीत, असं म्हणून ती पुढे जायची. बाकीचं गाणं मात्र तिने असं घोटलं होतं की झोपेत उठवलं तरी सूर न् सूर वाजवेल.

मोठी झाल्यावर बाईंनी तिला क्लासमध्येच कामाला ठेवलं. मुलांच्या उड्यांना, गिरक्यांना पियानो वाजवायचा. एक दोन तीन चार, गुडघा वर, एक दोन तीन चार, गुडघा खाली. रविवारी तर सकाळपासून वर्गांची रांग, त्यामुळे हॉटेलच्या मागच्या गल्लीत उभं राहून ऐकणंही कधी जमलं नाही. काम बरं होतं. पण बाईंचं वय झालं होतं, महिनाअखेरीला क्लास बंद करून त्या मुलीकडे राहायला जाणार होत्या आणि पियानो त्या मुलीच्या दिवाणखान्यात जाणार होता. म्हणजे महिना संपला की चुळबुळीच्या बोटांखाली एकही पट्टी उरणार नव्हती. तिला विचारलं, की मग काय करशील, तर ती नुसती टेबलावर बोटं वाजवायची. आई रात्री मामाला म्हणायची, या पोरीचा पियानो गेला तर ही वेडी होईल रे. त्यात ही बातमी! सांगा, घरात वादळ उठणार नाही तर काय?

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढची फजिती कळेल. जॅझवाल्यांची कामाची एक रीत असते. आधी सगळ्यांनी मिळून गाण्याची चाल वाजवायची. मग बाकीच्यांनी नुसता ठेका धरायचा आणि एकाने त्याच चालीच्या लांबीत आपल्या मनाचं वाजवायचं. त्याला ते फेरा म्हणतात. एकाचा झाला की दुसऱ्याचा. चुळबुळीला हे ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की फेरा घरून बसवून आणायचा नसतो. तिची आपली समजूत, प्रत्येक वाजवणाऱ्याने आपला एक फेरा घोटून ठेवलेला असतो आणि तो जन्मभर वाजवायचा. तिला तरी दोष कसा द्यायचा? रेडिओवर एकच गाणं दोनदा कधी लागलं नाही. आणि घरातल्या कॅसेटमध्ये मास्तर रोज तेच वाजवायचे!

शुक्रवारी ती ठेवणीतला निळा ड्रेस घालून गेली. आईने त्याला अशी इस्त्री केली होती की बसताना आवाज यायचा. हॉलमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, एक माणूस गालिचा झाडतोय, आणि कोपऱ्यात तो पियानो. काळा, लांब, झाकण उघडं. बँडवाले तिघं: ड्रमवाला, गोल चेहऱ्याचा, सतत काहीतरी खाणारा, बेसवाला, त्याच्या वाद्यापेक्षा बारीक, तोंडाला कुलूप, आणि सॅक्सोफोनवाल्या काकू, ज्यांच्यापुढे मॅनेजरसुद्धा हळू बोलायचा. मास्तर खांबाजवळ बसले होते. म्हातारे, किडकिडीत, उजवा हात डाव्या हाताने चोळत.

तिच्या आधी दोघं होते. पहिला इतका सुसाट सुटला की बँडच्या आधी गाणं संपवून घाम पुसत बसला. दुसरा चांगला वाजवायचा पण दर चार सुरांनी मास्तरांकडे बघायचा, मास्तर जांभई देत होते. मग काकूंनी हाक मारली, "निळा ड्रेस, ये."

"कुठलं वाजवतेस?" ड्रमवाल्याने विचारलं. चुळबुळीने गाणं सांगितलं. मास्तरांचंच नेहमीचं. ड्रमवाल्याने मोजलं आणि सुरू.

आणि अहो, कसं सांगू! पहिल्यांदा तिच्या बोटांखाली ड्रम होता, पाठीमागे बेस होता. इतकी वर्षं ती एकटी वाजवत होती, म्हणजे पाणी नसलेल्या तलावात पोहत होती. आता पाणी आलं! चाल झाली, काकूंचा फेरा झाला, काकूंनी मान हलवून खूण केली, आणि चुळबुळीने आपला हुकमी एक्का काढला. मास्तरांचा फेरा, कॅसेटवरचा, सूर न् सूर. मनात म्हणाली, मास्तर खूश होणार, बघच आता!

काकूंनी सॅक्सोफोन खाली केला. ड्रमवाल्याचं चघळणं थांबलं. तिला वाटलं, गार झाले सगळे. अजून जोरात गेली. ट्रेच्या जागी आली, तिथे त्या दिवशी सुचलं ते भरलं, आणि पुढे मास्तरांच्या वाटेने शेवटपर्यंत. गाणं संपलं. ती हसऱ्या चेहऱ्याने वळली.

मास्तर खुर्चीवर नव्हते. खिडकीपाशी पाठ करून उभे होते.

गालिचावाला पण थांबला. शेवटी काकू म्हणाल्या, "पोरी, तू कुणाच्या घरी गेलीस, त्याचाच कोट अंगात घातलास, आणि त्यालाच म्हणालीस, या, बसा."

"म्हणजे? चुकलं का काही?"

"एक सूर चुकला नाही, हेच तर." ड्रमवाल्याने कपाळावर हात मारला. "अगं, फेरा ज्याचा त्याचा असतो! आणि त्या क्षणाचा असतो! मास्तरांनी हे कधी वाजवलं असेल ते असेल, दुसऱ्या रविवारी ते नव्हतंच."

चुळबुळीने हात पट्ट्यांवरून काढून मांडीवर घेतले. कानशिलं तापली. म्हणजे आपण इतकी वर्षं घोटलं ते काय, चोरीचा माल? सगळ्यांसमोर, मालकाला? तिला वाटलं धरणी दुभंगावी. उठून पळणार इतक्यात मास्तर वळले. रागावलेले दिसेनात. चेहरा मात्र चमत्कारिक झाला होता, आपलाच आवाज दुसऱ्या खोलीतून ऐकल्यासारखा.

"हे मी वाजवलं होतं?"

"हो." ती पट्ट्यांकडे बघत म्हणाली. "पाठ आहे मला सगळं."

"मला नाही," मास्तर म्हणाले. मग जवळ आले. "मधला एक तुकडा माझा नव्हता. माझी बोटं तशी जातच नाहीत. तो कुणाचा?"

"तिथे... तिथे ट्रे पडतो."

"काय पडतो?"

स्वयंपाकघराच्या दारातून मामाचं डोकं बाहेर आलं. "माझाच, मास्तर. माझ्याच हातातला. तुम्हाला आठवत असेल, सूप."

मग सगळं बाहेर आलं. पोटाला बांधलेला टेपरेकॉर्डर, वाडगा, कोपर, सगळं. ड्रमवाला हसून हसून ड्रमवर आडवा पडला. पण चुळबुळी हसत नव्हती. जन्मात पुन्हा संधी मिळणार नाही असं समजून तिने विचारून टाकलं, "मास्तर, एवढंच सांगा. ट्रे पडला तेव्हा तुम्ही काय वाजवत होता? मला किती वर्षं हवंय ते."

"मला काय माहीत! दचकून थांबलो असेन. शिवी दिली असेन."

"थांबला होतात?" ती रडकुंडीला आली. "आणि मी तिथे रोज काहीतरी शोधत बसले!"

"रोज?" मास्तरांनी कान टवकारले. "रोज वेगळं?"

"वेगळंच. अजून नक्की झालं नाही," ती खाली मान घालून म्हणाली, जणू काही घरचा अभ्यास राहिला आहे.

मास्तर बँडकडे वळले. "ऐकलंत? अजून नक्की झालं नाही म्हणते!" आणि इतक्या जोरात हसले की हात चोळायचा राहिला. "रविवारी ये. लोकांसमोर. आणि असं समज, की ट्रे पहिल्या सुराला पडायला लागला आणि शेवटच्या सुरापर्यंत पडतोच आहे. कॅसेटमधलं तुला काही म्हणजे काही ऐकू आलेलं नाही. कळलं?"

"नाही."

"कळेल. पाण्यात पडलं की पोहता येतं."

"किंवा माणूस बुडतो," बेसवाला म्हणाला. दिवसभरात तो तेवढंच बोलला.

शनिवार कसा गेला ते विचारू नका. क्लासच्या पियानोवर ती सकाळी बसली आणि बोटं सरळ मास्तरांच्या वाटेने निघाली, गोठ्याकडे निघालेल्या गाईसारखी. वळवली की परत तिकडेच. आणि चुकून काही नवीन छान वाजलं की ही लगेच ते पुन्हा वाजवायची, तिसऱ्यांदा वाजवायची, की झालं पाठ! म्हणजे आगीतून फुफाट्यात. संध्याकाळी घरी येऊन तिने स्वयंपाकघरात बसकण मारली. "नाही जमायचं. मी उद्या जात नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," आई म्हणाली.

"आई, तुला कळत नाही. आधी ठरवायचंच नाही, असं कसं वाजवायचं?"

आई भडकली. "मी काय दिवसभर शर्ट आधी पाठ करून इस्त्री करते? सुरकुती जिथे असते तिथे हात जातो. प्रत्येक शर्ट वेगळा चुरगळलेला असतो. मला ठरवायला कोण वेळ देतंय? जेव आणि झोप मुकाट्याने."

"ते वेगळं गं."

"असेल. भांडी घासून ठेव."

रविवारी हॉल गच्च भरला होता. मॅनेजरने काकूंच्या डोळ्यांकडे बघून नियम बाजूला ठेवला, त्यामुळे आई जन्मात पहिल्यांदा हॉलमध्ये बसली. बसल्याबसल्या तिने टेबलक्लॉथचा कोपरा उलटून इस्त्री तपासली. मामाने त्या दिवशी ट्रेला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली होती, एकेक वाडगा दोन्ही हातांनी नेत होता, लहान बाळ असल्यासारखा. मास्तर खांबाजवळच्या टेबलाशी. इतकी वर्षं त्यांनी आपला बँड समोरून कधी ऐकला नव्हता.

ड्रमवाल्याने मोजलं. चाल झाली. काकूंचा फेरा झाला, लोकांनी टाळ्या दिल्या, काकूंनी मानेने खूण केली. आता चुळबुळीचा फेरा. तिने हात पट्ट्यांवर ठेवले, पहिले दोन सूर नवे लागले, तिसरा नवा, आणि मग, हात्तिच्या, बोटं घसरली आणि मास्तरांच्या वाटेला लागली.

झण्ण!

ड्रमवाल्याने मोठ्या झांजेवर असा फटका हाणला की पुढच्या टेबलावरच्या बाईंचा काटा ताटात पडला. चुळबुळी दचकली. तिने वळून पाहिलं, तर ड्रमवाला दात काढून ओरडला, "ट्रे!"

सूर गेले सगळे. वाट गेली. आणि ठेका तर चालूच होता, बेस तिच्याखाली धावतच होता, थांबायला सवडच नव्हती. मग तिने जे हाताला लागलं ते धरलं. एक वाकडातिकडा सूर लागला, तो सोडून न देता त्याच्याच शेजारचा घेतला, मग त्याच्या पलीकडचा, आणि काय आश्चर्य, तिथून एक जिनाच खाली उतरत होता! उतरली. पायथ्याशी पुन्हा मास्तरांचं एक वळण दिसलं, बोटं आपसूक तिकडे झुकली.

झण्ण!

लोकांना वाटलं, ही गाण्यातलीच गंमत आहे, ते टाळ्या पिटायला लागले. चुळबुळीला हसू फुटलं. डाव्या हाताने तिने क्लासमधलं एक दोन तीन चार धरलं, पण लंगडी घालणाऱ्या पोरासारखं, आणि उजवा हात त्याच्या अंगावरून उड्या मारत निघाला. तिसऱ्यांदा मास्तरांचं वळण आलं तेव्हा तिनेच आधी ओळखलं आणि ऐन वेळी दुसरीकडे वळली. ड्रमवाल्याची काठी हवेतच राहिली. त्याने झांज वाजवलीच नाही, नुसता आनंदाने ओरडला.

आणि मग तिला कुणी अडवायचं कारणच उरलं नाही. अंगात आल्यासारखी वाजवत होती. पुढे काय येणार ते तिला लोकांइतकंच माहीत नव्हतं, आणि त्याची भीती कुठे गेली कुणास ठाऊक, आता तिला तेच हवं होतं, तेच, अजून, अजून! फेरा संपला तेव्हा काकूंनी सॅक्सोफोन तोंडाला लावला होता. चुळबुळीने तिकडे पाहिलंच नाही, न विचारता दुसरा फेरा सुरू केला. बेसवाल्याने डोळे मिटून मान हलवली, घे म्हणून. काकूंनी सॅक्सोफोन खाली केला आणि कमरेवर हात ठेवून हसत उभ्या राहिल्या. तिकडे आईने टेबलक्लॉथ मुठीत धरून पार चुरगाळला होता, तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

गाणं संपल्यावर हॉलमध्ये नुसता कल्ला. मामा दोन्ही हात वर करून नाचत होता. चुळबुळी घामाने थबथबलेली, इस्त्री गेलेली, धापा टाकत हसत होती. मास्तर उठून पियानोपाशी आले.

"तो डाव्या हाताचा लंगडा तुकडा. काय होतं ते?"

"माहीत नाही."

"वाजवून दाखव."

तिने हात ठेवले. एक सूर, दोन सूर. पुढे काही येईना. इतकं सुंदर काहीतरी आत्ता इथे होतं आणि हातात धरायला त्याचा धागासुद्धा नाही. "नाही आठवत, मास्तर," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचे डोळे भरले.

"आठवलं तरी पुढच्या रविवारी वाजवायचं नाही," मास्तर गुरगुरले. "आज वाजवलंस त्यातला एक तुकडा जरी मला पुढच्या रविवारी ऐकू आला, तर याद राख. पियानोला हात लावू देणार नाही."

ती उठली. मान खाली घालून, कुणाकडे न बघता, टेबलांमधून वाट काढत दाराकडे निघाली. आईने तिचा दंड धरला. "कुठे निघालीस?"

"घरी. ओरडले ना ते. नाही आवडलं त्यांना."

"अगं वेडे!" आई इतक्या जोरात ओरडली की तिच्या जन्मात ओरडली नसेल. "पुढच्या रविवारी म्हणाले ना ते! पुढच्या रविवारी! दोनदा म्हणाले!"

चुळबुळी तिथेच उभी राहिली. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आपली दुखरी मूठ पोटाशी धरून, पियानोच्या शेजारी, खुर्चीवर न बसता उभे होते.

"पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी," ते म्हणाले. "लोकांचं जेवण अजून अर्धं व्हायचंय. बस."

ती धावत जाऊन बसली. ड्रमवाल्याने तोंडात काहीतरी टाकलं, काठ्या उचलल्या, आणि कुठलं गाणं ते न सांगताच मोजायला लागला.